पहिल्या बंद कंसापाशी

माझ्या मामाने आयुष्यात कुणाचं एखादं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं असेल, तर ते त्याचं स्वतःचं. समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं सगळं आपल्याला कळलं, असं त्याला वाटायचं, आणि समोरच्याचं वाक्य तो स्वतःच पुरं करून मोकळा व्हायचा. मामी म्हणायची, आज बाजारात गेले होते तर. की हा म्हणायचा, भाजी महागली असेल, महागणारच. मामीला सांगायचं असायचं की बाजारात तिची शाळेतली मैत्रीण भेटली. ती मैत्रीण भेटली होती हे घरात कळायला पुढे महिना जायचा, तेही मामी स्वयंपाक करताना माझ्याजवळ बोलली म्हणून.

नोकरी लागली म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आले. दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. तिथे खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, त्याला निदान कारण असतं. आमच्या घरी जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं होतं, त्यामुळे तिघं एका ओळीत बसायचो आणि मधल्या खुर्चीवर मामा. मामीला माझ्याशी काही बोलायचं असलं तर ते मामावरून यावं लागायचं, आणि बहुतेक वेळा त्याच्यापाशीच अडायचं. टेबल फिरवून लावू या, असं मी एकदा सुचवायला गेले. मामा म्हणाला, जागा नाही. मी अजून 'टेबल' एवढंच म्हटलं होतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पण मामासारखे अर्ध्यात निकाल द्याल. मामी आजारी पडली की तो तिची औषधं घड्याळ लावून द्यायचा. शेजाऱ्यांचा नळ, आमचा पंखा, माझ्या चपलेचा अंगठा, सगळं दुरुस्त करायचा. फक्त बोलणं त्याला कधी दुरुस्त करता आलं नाही, कारण ते बिघडलंय हेच त्याला मान्य नव्हतं. पेपर वाचताना हातात पेन्सिल असायची. बातमीत कुठे कंस उघडलेला असला आणि छापणाऱ्याने तो बंद केलेला नसला, तर मामा तो पेन्सिलने बंद करायचा आणि मगच पुढे वाचायचा. तो मामा, आणि दिवसभर काम कंसांचं, म्हणून आम्ही भाचरं त्याला कंसमामा म्हणायचो. त्याला ते आवडायचं.

त्याचं काम थोडं समजावून सांगावं लागेल. तो एका कंपनीत प्रोग्रामर होता. ही कंपनी चौकशा आणि सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून द्यायची. कुठे अपघात झाला, कुठे तक्रार आली, की समिती बसते, माणसांना बोलावते, प्रश्न विचारते. ते सगळं रेकॉर्ड होतं आणि मामाच्या ऑफिसात येतं. तिथे कानाला हेडफोन लावून टायपिस्ट बसलेल्या असतात. त्या सगळं टाइप करतात, अगदी प्रश्न, खोकला, मध्येच आलेला फोन, खुर्ची सरकल्याची नोंद सुद्धा. एवढं जाडजूड वाचायला समितीला वेळ नसतो. म्हणून नियम असा की जबाब देणाऱ्याचं बोलणं दुहेरी चौकटी कंसात घालायचं, सुरुवातीला दोन उघडे, शेवटी दोन बंद. मग मामाचा प्रोग्राम त्या कंसांमधला मजकूर तेवढा उचलायचा, कंस पुसून टाकायचा, आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याचं बोलणं लावून सुटसुटीत संकलन काढायचा. समितीच्या हातात पडायचं ते हे संकलन.

मजकूर उचलायला तो रेग्युलर एक्स्प्रेशन वापरायचा. म्हणजे काय शोधायचं ते थोडक्या चिन्हांत सांगणारा साचा. मामाचा साचा एका ओळीचा होता आणि आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ होता, कारण प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो कुणाला ना कुणाला ऐकवला जायचा:

\[\[(.*?)\]\]

त्यातलं ते प्रश्नचिन्ह हा त्याचा अभिमान. प्रश्नचिन्ह नसताना साचा हावरट होता. पहिल्या उघड्या कंसापासून निघायचा आणि वाटेतलं सगळं गिळत फाइलमधल्या शेवटच्या बंद कंसापर्यंत जायचा. साक्षीदार, प्रश्न, खोकला, खुर्च्या, सगळं एका घासात. मामाने एक प्रश्नचिन्ह घातलं आणि साचा आळशी झाला, पहिला बंद कंस दिसला की थांबायला लागला. हावरट आणि आळशी हे शब्द माझे नाहीत, त्यांच्या धंद्यातले आहेत. अख्खं ऑफिस अडलं होतं आणि मी एका चिन्हात सोडवलं, असं मामा सांगायचा. पहिला बंद कंस दिसला की थांबायचं, ही गोष्ट त्याला इतकी का आवडली असेल, हे मला टेबलावर बसून रोज कळत होतं.

आता मामीचं सांगते. मामी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ती लॅब एका जुन्या, उंच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. इमारतीची लिफ्ट चालवायला एक बाई होत्या. लिफ्टवाल्या बाई, एवढंच सगळे म्हणायचे. लिफ्टमध्ये त्यांचं एक लाकडी स्टूल होतं, आणि हातात कायम एक फडकं, त्याने त्या दाराची पितळी मूठ पुसायच्या. लिफ्टची किल्ली गळ्यातल्या दोरीत. मामीचे गुडघे दुखतात म्हणून सकाळी मामी फाटकात दिसली की त्या लिफ्ट थांबवून धरायच्या, आतल्या लोकांनी कितीही नाकं मुरडली तरी.

एके दिवशी त्या लिफ्टचं दार नीट लागेना. त्याच दिवशी तळमजल्यावरून कुणीतरी किल्ली फिरवून रिकामी लिफ्ट वर पाठवली. वरच्या मजल्यावरचा एक कारकून तिच्यात पाय टाकतोय तोच ती दार उघडं असतानाच हलली. कारकुनाचा पाय मोडला. जीव वाचला, हेच नशीब. इमारतीच्या मालकांनी समिती बसवली, समितीने जबाब घेतले, जबाब टाइप व्हायला मामाच्या कंपनीत गेले, संकलन समितीकडे आलं आणि निकाल लागला. दोष लिफ्टवाल्या बाईंचा. त्यांना कामावरून काढून टाकलं. लिफ्टची देखरेख करणारा, त्यांच्यावरचा सुपरवायझर होता तिथेच राहिला, उलट नवीन लिफ्टच्या उद्घाटनाला फीत त्याच्याच हातात धरायला दिली.

बाईंच्या नोकरीपेक्षा वाईट झालं ते त्यांच्या नावाचं. जिने पाय मोडला ती बाई, अशी त्यांची ओळख झाली. त्या राहायच्या त्या चाळीत नळावर लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. मामी हे सगळं बघत होती आणि घरी येऊन सांगायचा प्रयत्न करत होती. प्रयत्नच म्हणायचा. मामी म्हणाली, त्या म्हणतात की त्यांचं बोलणं पुढेही होतं. की मामा म्हणाला, निकाल लागला की प्रत्येकाला आणखी काहीतरी आठवतं. मामी म्हणाली, पण छापलेल्यात. की मामा म्हणाला, आमच्याकडे माणूस हात लावतच नाही, मशीन उचलतं, मशीन कुणाची बाजू घेत नाही. आणि मग त्याने मला भाजी वाढायला सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एका बाईचं आयुष्य धुळीला मिळालंय, दुसरी ते सांगते आहे, आणि मधल्या खुर्चीवरचा माणूस दोघींच्या वतीने बोलून टाकतोय.

शेवटी मामीने एका रविवारी दुपारी बाईंनाच घरी आणलं. त्यांनी अपील केलं होतं, त्याची सुनावणी जवळ आली होती, आणि ज्या ऑफिसातून संकलन निघालं तिथला माणूस आपल्याच घरात आहे, एवढं मामीला माहीत होतं. बाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. त्यांनी सुरुवात केली, की साहेब, मी समितीपुढे जे बोलले. मामाने त्यांना हाताने थांबवलं. मग त्याने त्यांना हावरट आणि आळशी साच्याची गोष्ट सांगितली. हो, तीच, लग्नातली. मशीन कसं चुकूच शकत नाही, एक अक्षर कसं इकडचं तिकडे होत नाही, ते सांगितलं. बाईंनी आणखी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, मामीला म्हणाल्या येते, आणि निघाल्या. मामी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेली आणि बराच वेळ आली नाही.

ती आली तेव्हा मामा पेपर वाचत होता, पेन्सिल हातात. मामी दारातच उभी राहिली. ती म्हणाली, "मला एक बोलायचंय." मामा पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, त्या बाईंबद्दल ना, मी सांगितलं की. तेव्हा मामीने जवळ जाऊन त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"थांबा. माझं वाक्य संपलेलं नाही," ती म्हणाली. "त्या म्हणतात, त्यांनी किल्ली काढून सुपरवायझरच्या हातात दिली होती, आणि तसं समितीपुढे सांगितलं होतं. तुमच्या छापलेल्यात किल्ली हा शब्द नाही, त्यांच्याकडची प्रत मी वाचलीय. आता त्या खोटं बोलत असतील, किंवा तुमचं मशीन. मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही. उद्या जा, पूर्ण फाइल उघडा, आणि आधी वाचा. मग बोला."

एवढं लांब बोलणं तिने त्या घरात सलग केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मामाला राग आला, कान लाल झाले. पण त्याने पेपरची घडी घातली आणि बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो दुपारीच घरी आला. मी सुट्टीवर होते, मामीनेही लॅबमधून रजा घेतली होती. त्याने बूट न काढताच खुर्चीवर बसून खिशातून दुमडलेले कागद काढले, एक मामीपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. माझ्यापुढे होतं ते संकलन, समितीने वाचलेलं. त्यात लिफ्टवाल्या बाईंच्या नावाखाली असं होतं:

दार नीट लागत नाही, हे मला सकाळपासून माहीत होतं. वरून हाक आली, लिफ्ट वर पाठवा, घाई आहे. तुम्ही चहा पिऊन या, इथलं माझ्यावर सोडा.

आणि त्याच्याच खाली सुपरवायझरचा जबाब: मी चहाला गेलो होतो. परत आलो तेव्हा अपघात होऊन गेला होता.

वाचलं तर कुणालाही काय वाटेल, सांगा. बाईंना बिघाड माहीत होता, वरून घाई झाली, यांनी सुपरवायझरला चहाला पाठवलं आणि स्वतः लिफ्ट वर सोडली. समितीला तेच वाटलं.

मामीपुढचा कागद टायपिस्टच्या मूळ फाइलचा होता:

[[दार नीट लागत नाही, हे मला सकाळपासून माहीत होतं. वरून हाक आली, [[लिफ्ट वर पाठवा, घाई आहे]]. मी पाठवली नाही. किल्ली काढली आणि सुपरवायझरांच्या हातात दिली. सांगितलं, मेकॅनिक येईपर्यंत चालवायची नाही. ते म्हणाले, [[तुम्ही चहा पिऊन या, इथलं माझ्यावर सोडा]]. मी चहाला गेले नाही. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून लोकांना जिन्याने पाठवत होते. तिथून मला दिसलं, त्यांनी किल्ली लावली आणि फिरवली.]]

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. झालं होतं ते असं. आधीच्या टायपिस्ट कंस फक्त सुरुवातीला आणि शेवटी घालायच्या. मध्ये साक्षीदाराने दुसऱ्या कुणाचे शब्द सांगितले तर ते तसेच टाइप करायच्या. पण या फाइलीला ज्या बसल्या होत्या त्या आधी वकिलाच्या ऑफिसात होत्या, आणि ज्याचं बोलणं त्याला त्याचे कंस, अशी त्यांना सवय. म्हणून हाक मारणाऱ्याच्या शब्दांनाही त्यांनी कंस घातले, सुपरवायझरच्या शब्दांनाही. कामाला चोख बाई. मामाचा साचा आला, बाईंच्या पहिल्या उघड्या कंसापासून निघाला आणि पहिला बंद कंस दिसला तिथे थांबला. तो हाकेचा कंस होता. बाईंचं बोलणं अजून सुरूच होतं, पण साच्याच्या दृष्टीने संपलं. मग पुढचा उघडा कंस दिसला तो सुपरवायझरच्या शब्दांचा. ते शब्द साच्याने उचलले आणि बाईंच्या नावावर चिकटवले. किल्ली, मेकॅनिक, जिना, सगळं दोन कंसांच्या मधल्या फटीत पडलं.

आणि एकट्या त्यांचंच नाही. इमारतीत पाणी भरणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, की मी बाईंना विचारलं, मग लिफ्ट कोण चालवतंय. त्याचा जबाब त्या प्रश्नापाशी तुटला होता. पुढे तो म्हणाला होता की बाईंनी सुपरवायझरकडे बोट दाखवलं. ते बोट कुठेच आलं नाही. ज्याने ज्याने दुसऱ्याचं म्हणणं सांगितलं, त्याचा त्याचा जबाब तुटला. अखंड राहिला तो एकट्या सुपरवायझरचा, कारण त्याने दुसऱ्या कुणाचा एक शब्द सुद्धा सांगितला नव्हता. ज्याने कुणाचं ऐकलं नाही त्याचं सगळं छापलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

मामा म्हणाला, "साचा माझा आहे." मामीने त्याला पाणी आणून दिलं, पण असू दे, होतं असं, वगैरे ती काही म्हणाली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

कंपनीच्या साहेबांकडे तो सकाळीच जाऊन आला होता, आणि तिथे काय झालं ते त्याने आम्हाला दात ओठ खात सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, पुढच्या कामापासून सुधारून घ्या. समितीने सही केलेलं संकलन आहे, आता ते उकरायचं कशाला. एकाने विचारलं तर उद्या दहाजण विचारतील, जुनी सगळी कामं उघडावी लागतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या टायपिस्टला हवं तर समज देऊ. टायपिस्टचं नाव निघालं आणि मामाने साहेबांना वाक्याच्या मधोमध तोडलं. आयुष्यभर जी खोड घरच्यांवर वापरली, ती त्या दिवशी एकदा योग्य जागी पडली. तो म्हणाला, समज मला द्या, तिने बरोबर केलंय, कंसात कंस येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, हे तांत्रिक आहे, लोकांना कळणार नाही. मामा म्हणाला, कळेल असं मी सांगेन. बाकीच्या ऑफिसात अळीमिळी गुपचिळी. जे लोक रोज त्याच्याबरोबर डबा खायचे, ते त्या दिवशी आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसले.

त्याच आठवड्यात त्याने तो साचा मोडला. असला साचा कंसातला कंस मोजू शकत नाही, तो फक्त दिसेल तो कंस पकडतो, हे त्याने मला समजावलं, आणि समजावताना दर वाक्यानंतर थांबून मला काही विचारायचंय का ते बघितलं. मला वाटलं, ताप आलाय की काय. नवीन प्रोग्राम साधा होता. अक्षर अक्षर वाचत जायचं. कंस उघडला की मोजणीत एक वाढवायचा, बंद झाला की एक कमी करायचा. शून्यावर आलं की त्या माणसाचं बोलणं संपलं. त्याआधी नाही. अभिमानाचं प्रश्नचिन्ह गेलं, आणि ते कुठल्या लग्नात पुन्हा निघालं नाही.

साहेबांनी त्याच्याकडून ते काम काढून घेतलं. त्याला बिलांच्या सिस्टिमवर बसवलं, जिन्याखालच्या टेबलावर. अपिलाच्या दिवशी रजा मागितली तर नाकारली. मामा तरीही गेला.

सुनावणी त्याच इमारतीत, मालकांच्या मीटिंगच्या खोलीत होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर नव्या लिफ्टचा फोटो. समिती तीच, पहिल्या वेळचीच, तिघांची. अध्यक्ष एक निवृत्त गृहस्थ, चेहऱ्याने सज्जन, आणि त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे. लिफ्टवाल्या बाई एका टोकाला, सुपरवायझर दुसऱ्या टोकाला. मामी आणि मी मागे भिंतीपाशी बसलो.

मामाने दोन्ही कागद समितीपुढे ठेवले आणि बोटाने कंस दाखवत काय झालं ते सांगितलं. एक सदस्य म्हणाले, म्हणजे तांत्रिक दोष. मामा म्हणाला, "दोष माझा. साचा मी लिहिला, तपासला नाही, आणि या बाई माझ्या घरी येऊन सांगत होत्या तेव्हा मी त्यांना बोलूही दिलं नाही." अध्यक्ष म्हणाले, बरं, बरं, लक्षात आलं. मग समितीच्या कारकुनाने बाईंचा पूर्ण जबाब मोठ्याने वाचला. किल्लीपाशी तो आला तेव्हा अध्यक्षांनी घड्याळावरची नजर काढली. अध्यक्षांनी सुपरवायझरला विचारलं. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग म्हणाला आठवत नाही, मग त्या पाणी भरणाऱ्या माणसाला आत बोलावलं तेव्हा म्हणाला, वरून फार घाई करत होते. झालं. सतरा सबबी सांगून माणूस शेवटी तिथेच आला, जिथे बाई पहिल्या दिवशी होत्या.

समितीने दहा मिनिटं आपसात कुजबुज केली. अध्यक्षांनी निकाल सांगितला, की आधीचा निर्णय रद्द, बाईंना सन्मानाने कामावर परत घ्यावं, सुपरवायझरची वेगळी चौकशी व्हावी. मग त्यांनी फाइल बंद केली, चष्मा काढला आणि बाईंकडे बघून हसले. म्हणाले, मशीनमुळे गैरसमज झाला, पण आता मिटला. चला, झालं तर मग.

"नाही झालं," लिफ्टवाल्या बाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. आवाज चढलेला नव्हता.

"मशीनला कंस कळला नाही, ठीक आहे. पण मी इथेच, याच खुर्चीत बसून बोलले होते. तुम्ही तिघंही समोर होतात. किल्ली दिली म्हणाले तेव्हा तुम्ही मान हलवली होती. मग कागद आला, आणि कागदात ते नव्हतं, तर तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? मला बोलावून एकदा विचारायचं होतं, की बाई, तुम्ही असं म्हणालात का. मी काही परगावी गेले नव्हते. फाटकाबाहेर उभी होते, रोज."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आमच्या पुढच्या खुर्चीवरून मामा अर्धवट उठला. आता हा मध्ये पडणार, बाईंचं वाक्य हाच पुरं करणार, असं वाटून मी त्याचा शर्ट मागून धरला. पण तो बाईंकडे बघतच नव्हता. त्याने अध्यक्षांकडे पाहून हात वर केला, ज्या हाताने रविवारी बाईंना थांबवलं होतं तोच, आणि म्हणाला, "त्यांचं अजून संपलेलं नाही."

अध्यक्षांनी तोंड मिटलं. बाई बोलत राहिल्या. नळावरचं बोलणं, मोडलेला पाय, गळ्यातली दोरी काढून द्यावी लागली तो दिवस, सगळं. मामी सरळ बसून ऐकत होती. खोलीत दुसरं कुणी बोललं नाही, आणि त्यांचं बोलून झालं तेव्हा त्या आपल्या आपण खाली बसल्या.